भुशातली खिचडी

अनुसूया टिकेकरच्या स्वयंपाकघरातून धूर फारसा निघत नसे, आणि झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या बायकांना हे काही केल्या पटत नसे.

बाकीच्या क्वार्टरांत सकाळी अंगीठ्या अंगणात यायच्या. कोळसा धुमसायचा, बायका पुठ्ठ्यानं वारा घालत खोकायच्या. अनुसूयाची अंगीठी सगळ्यांच्या नंतर पेटायची आणि सगळ्यांच्या आधी विझायची. तरी कॉलमन ड्यूटीचं बोलावणं घेऊन दारात आला की तिच्या नवऱ्याचा डबा भरलेला असायचा, तोही गरम. नीलकंठराव मालगाडीवर गार्ड होते. बोलावणं कधी येईल याचा नेम नाही, आणि आल्यावर डाळ शिजायला घालण्याइतकी सवड नाही. लग्न होऊन ती गरौठ्याहून आली त्या वर्षी नवरा दोन-तीनदा उपाशीच गाडीवर गेला होता. ते तिच्या मनाला फार लागलं.

तेव्हापासून तिनं एकेक युक्ती बसवत नेली. मोहरी, हिंग आणि सुकी मिरची घालून फोडणीचं तेल एकदाच करायचं आणि बरणीत भरून ठेवायचं. मग वरणावर नुसता चमचाभर सोडला की झालं. दोडक्याच्या शिरा आणि कोथिंबिरीच्या काड्या तिच्याकडे कधी टाकल्या जात नसत, तव्यावर परतून त्यांची चटणी व्हायची. डाळीचं वरचं पाणी कणकेत जायचं. उन्हाळ्यात सातूचं पीठ भाजून ठेवलेलं असायचं. पण तिची खरी मदार होती ती खाटेखाली ठेवलेल्या चहाच्या लाकडी खोक्यावर. गरौठ्याला थंडीत दही लागत नसे, तेव्हा तिची आई दुधाचं भांडं गव्हाच्या भुशात पुरून ठेवायची. दूध असं ऊबदार राहतं तर डाळ का नाही शिजणार, असं अनुसूयाच्या मनात आलं. तिनं खोक्यात भुसा दाबून भरला, मधे पातेल्यापुरता खळगा केला आणि वरून जुनी गोधडी घातली. भिजवलेले डाळ-तांदूळ अंगीठीवर चांगले उकळायचे, झाकण घट्ट बसवायचं आणि पातेलं खोक्यात पुरायचं. पुढचं काम भुसा करायचा. मधे झाकण मात्र उघडायचं नाही.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई यमुनाबाईंनी एकदा ते खोकं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं होतं. "गुरांच्या वैरणीत पुरलेलं अन्न! करतेस ते कर, पण चार लोकांत बोलू नकोस. आपल्याकडे कोणी पाणीसुद्धा पिणार नाही." सासूबाई पुढे वारल्या, पण त्यांचा शब्द अनुसूयाच्या मनातून गेला नाही. कोणी आत आलं की ती खाटेवरची चादर खाली ओढायची.

आणि चादर ओढताना तिला नेमकं पाहिलं ते शेजारच्या इंदुमतीबाईंनी.

इंदुमतीबाईंचे यजमान हरिभाऊ रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. दोन्ही क्वार्टरांत एक भिंत, आणि भिंतीपलीकडची कढई कधी चरचरते हे इंदुमतीबाईंना नवऱ्याच्या हाकेआधी ऐकू यायचं. "हिच्याकडे फोडणीचा आवाज नाही, धूर नाही, आणि डबे मात्र भरलेले," त्या नळावर म्हणायच्या. "गार्ड लोकांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममधून येत असणार सगळं. खाटेखाली काय लपवलंय, देव जाणे." हे फिरत फिरत अनुसूयाच्या कानावर आलं. तिनं नळावर जायची वेळ बदलली, खुलासा केला नाही.

मग चौऱ्याहत्तरचा मे आला आणि रेल्वेचा संप झाला.

संपाची घोषणा झाली तेव्हाच धरपकड सुरू झाली होती. नीलकंठराव युनियनमध्ये पुढे होते. एका सकाळी दाढी न करताच ते कॉलनीतून निघाले, ते जुन्या शहरात दतिया गेटापाशी अनुसूयाच्या मामांकडे गेले. मामा, श्रीकृष्णशास्त्री, पिढ्यान्‌पिढ्यांचे झाशीकर. घरालगतच्या लहानशा गणपतीच्या देवळाची पूजा त्यांच्याकडे होती. देवळामागच्या खोलीत नीलकंठराव आणि त्यांचे दोन सोबती राहिले. मामा एकटे, वयस्कर, स्वतःपुरता भात टाकणारे. त्यांच्या घरातून एकदम चार माणसांच्या स्वयंपाकाचा धूर निघाला असता तर गल्लीनं विचारलंच असतं.

तेव्हा जेवण अनुसूयानं पोचवायचं ठरलं.

कॉलनीत त्या दिवसांत कोणी कोणाशी मोकळं बोलत नव्हतं. कामावर कोण जातंय, कोण नाही, कोणाकडे पोलीस येऊन गेले आणि कोणाकडे आलेच नाहीत, यावर सगळ्यांचे डोळे. क्वार्टर खाली करायच्या नोटिसा दारांवर लागल्या होत्या. पगार नाही, कोळसा नाही, रॉकेलच्या रांगेत माणसं भांडत होती. अशात हरिभाऊ रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. अनुसूया खिडकीच्या फटीतून पाहायची. म्हणजे हे कामावर जातात. म्हणजे हे साहेबांना नावं सांगतात. दुसरं काय असणार?

भिंतीपलीकडे इंदुमतीबाई वेगळाच हिशोब करत होत्या. नवरा फरार, मुलंबाळं नाहीत, घरात एकटी बाई. मग हिला एवढी डाळ कशाला लागते? आणि ऐन दुपारी, लू वाहत असताना, टोपली घेऊन ही जाते कुठे?

टोपलीत तळाशी भुसा असायचा, त्यात उकळी आणलेल्या खिचडीचं पातेलं, वर गोधडीचा तुकडा, त्यावर केळीचं पान, आणि सगळ्यांत वर दूर्वा आणि जास्वंदी. अंगीठी थोडा वेळच पेटायची, तेवढ्यानं कोणाला संशय येत नसे. खिचडी निम्मी घरी शिजायची आणि निम्मी टांग्यात. मामांच्या दारी पोचेपर्यंत ती मऊ झालेली असायची.

एक दिवस ती टांग्यात बसत होती तेवढ्यात इंदुमतीबाई पदर सावरत आल्या. "गणपतीला निघालात ना? मीही येते."

नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. इंदुमतीबाई शेजारी बसल्या. टोपली दोघींच्या मधे. टांगा इलाइट चौराह्यावरून पुढे गेला. मग एका खड्ड्यात चाक आदळलं, टोपली कलंडली, आणि इंदुमतीबाईंनी ती सावरायला दोन्ही हात लावले. हात तिथेच थांबले. टोपली गरम होती. भुशातून, फुलांच्या वासातून, मुगाच्या खिचडीचा वास अगदी पुसट येत होता. इंदुमतीबाईंनी अनुसूयाकडे पाहिलं. अनुसूयानं समोर घोड्याच्या पाठीकडे नजर लावली.

गेटाच्या अलीकडे शिपाई उभे होते. एकानं टांगा थांबवला. "टोकरी में का है, बाई?"

अनुसूयानं टोपली जवळ ओढली. शिपायानं हात पुढे केला.

"भोग है, भैया," इंदुमतीबाई एकदम म्हणाल्या, अगदी वैतागलेल्या आवाजात. "छू लोगे तो हमें घर जाकर, नहाकर, फिर से बनाना पड़ेगा. इस लू में बनाओगे तुम?"

शिपाई हसला आणि बाजूला झाला.

टांगा सुटला. आता आभार मानावेत, एवढं तरी व्हायला हवं होतं. पण अनुसूयाच्या मनात उलटंच आलं. हिनं मला का वाचवलं? शिपायाच्या हाती टोपली लागून काय मिळणार? हिला तर टोपली कुठे जाते ते पाहायचंय. नवऱ्याला जाऊन पत्ता सांगायचाय.

ती मामांच्या घराकडे वळलीच नाही. सरळ देवळात गेली, पातेलं गणपतीपुढे ठेवलं, आणि मामांना म्हणाली, "नैवेद्य आणलाय. आज इथेच प्रसाद वाटून टाका." मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा इंदुमतीबाईंकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. देवळाच्या पायरीवर बसलेल्या लोकांना त्यांनी द्रोणांत खिचडी वाढली. मागच्या भिंतीपलीकडे तीन माणसं जेवणाची वाट पाहत होती. अनुसूयाला ते जाणवत होतं, आणि तिनं तिकडे मानसुद्धा वळवली नाही.

इंदुमतीबाईंनी द्रोण घेतला आणि खांबाआड जाऊन बसल्या. अनुसूया पाहत होती. आधी सावकाश, मग भराभर, मग द्रोण बोटानं पुसून. पुन्हा मागायला त्या उठल्या, आणि अर्ध्यातच थांबल्या, कारण त्यांना अनुसूयाची नजर दिसली.

"काल सकाळपासून काही नाही पोटात," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली.

"आणि हरिभाऊंचा डबा?"

"रिकामा असतो."

अनुसूयाला कळेना.

"ते कामावर नाही जात हो. जायची छाती नाही, आणि संपावर आहे म्हणायचीही नाही. ऑफिसात आजारी असल्याचं कळवलंय. कॉलनीत कोणी विचारू नये म्हणून डबा घेऊन निघतात, दिवसभर तलावाकाठी झाडाखाली बसतात." इंदुमतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "कोळसा संपला. डाळ आहे थोडी, पण नुसती भिजवून कच्ची किती खाणार? तुमच्याकडे धूर नाही आणि तरी तुम्ही धडधाकट, म्हणून आले मागे. म्हटलं, पाहावं तरी ही शिजवते कशावर."

एवढं ऐकून अनुसूयाचं मन पाघळलं, पण पुरतं नाही. खोलीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. घरी गेल्यावर मात्र तिनं इंदुमतीबाईंना आत बोलावलं, खाटेवरची चादर वर केली आणि खोकं बाहेर ओढलं.

"भुसा?" इंदुमतीबाई वाकून पाहत राहिल्या. "एवढंच?"

"एवढंच. उकळी चांगली आली पाहिजे. आणि मधे उघडून पाहायचं नाही, नाहीतर कच्चं राहतं."

इंदुमतीबाईंना ते जमायला वेळ लागला. पहिल्यांदा त्यांनी दोनदा उघडून पाहिलं आणि डाळ कडकच राहिली. मग दोघींनी मिळून एकाच अंगीठीवर दोन पातेली उकळायला सुरुवात केली. कधी हिच्या घरचा कोळशाचा चुरा, कधी तिच्या घरच्या मोडक्या खुर्चीचा पाय. अनुसूया पुन्हा मामांकडे जायला लागली, पण दर वेळी वेगळ्या वाटेनं, मागे वळून पाहत.

आणि तसं असूनही नीलकंठराव पकडले गेले. संप मागे घेतला जायच्या थोडं आधी, भर दुपारी. पोलीस देवळामागच्या खोलीपर्यंत सरळ आले, जणू कोणी बोट धरून आणलं होतं.

अनुसूयाला एकच नाव सुचलं. टोपलीला हात लावलेली, देऊळ पाहिलेली एकच बाई. तिनं विचारलं नाही, भांडली नाही. फक्त आपलं दार लावून घेतलं. इंदुमतीबाई एकदा भरलेलं पातेलं घेऊन दाराशी आल्या, तर ती म्हणाली, "माझं झालंय जेवण." दुसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. काही महिन्यांनी हरिभाऊंची बदली बीनाला झाली. सामान हलताना अनुसूया मुद्दाम बाजारात निघून गेली.

नीलकंठराव सुटून आले, पण नोकरी गेली होती. ती वर्षं अनुसूयानं निभावली ती त्याच खोक्यावर. लोकांच्या घरी लग्नमुंजीसाठी भाजणी करून द्यायची, सातू विकायचा, स्वतःच्या घरी दिवसाला एकदाच अंगीठी पेटवायची. पुढे सरकार बदललं, काढलेली माणसं परत घेतली गेली, आणि नीलकंठराव पुन्हा गार्डाच्या डब्यात चढले.

ते परत कामावर रुजू झाल्यानंतर एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "इंदुमतीबाईंनी दगा दिला नसता तर एवढं झालंच नसतं."

नीलकंठरावांचा घास हातात राहिला. "त्यांनी?"

"मग कोणी?"

त्यांनी घास परत ताटात ठेवला. "कोणीच नाही. मला विडीची तलफ आली. मामा झोपले होते. म्हटलं, गेटापर्यंतच तर जायचं. पानवाल्याकडे साध्या कपड्यात एक जण उभा होता, त्यानं ओळखलं. माझ्याच मागून ते खोलीत आले."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"लाज वाटली. माझ्या एका विडीपायी खोलीतले ते दोघे सोबतीही पकडले गेले ना."

अनुसूयानं उठून ताट उचललं, घासलं, जागेवर ठेवलं. त्याच आठवड्यात ती एकटीच बीनाच्या गाडीत बसली. घर शोधायला फार त्रास पडला नाही.

इंदुमतीबाई दारात आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. एक हात त्यांनी चौकटीवर ठेवला.

"मला वाटलं होतं, तुम्ही सांगितलंत," अनुसूया उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तुम्ही नव्हतात. मला आता कळलं."

"मला तेव्हाच कळलं होतं तुम्हाला काय वाटतंय ते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "दार लावलंत ना, त्या दिवशीच. फार राग आला. मग वाटलं, तुमच्या जागी मी असते तर मीही माझंच नाव घेतलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर खरं वाटलं असतं?"

अनुसूयानं खरं तेच सांगितलं. "नाही."

इंदुमतीबाई थोड्या हसल्या आणि दारातून बाजूला झाल्या. हरिभाऊ आत होते, त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. संध्याकाळची परतीची गाडी अनुसूयानं सोडून दिली आणि ती त्यांच्याकडे दोन दिवस राहिली.