सुकडीच्या खोलीतलं हलकं काम

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या पुढं रस्त्याचं सरकारी काम निघालं, तेव्हा मी पंचविशीत होते आणि खडी फोडणाऱ्या सहा बायकांच्या टोळीची म्होरकी होते. उन्हानं डोकं उठायचं, बोटं ठेचली जायची. जीभ मात्र शाबूत होती.

कामावरच्या माणसांना सरकारकडून सुकडी मिळायची, म्हणजे गोडसर भाजकं पीठ. ते पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं असे. ते वाटायला हजेरी मांडणाऱ्या कारकुनानं दुसऱ्या टोळीतली एक बाई निवडली. नवरा ऊसतोडीला गेला तो कोपरगावकडेच राहिलेला, कडेवर तान्हं मूल, अंगानं काडी. तिला सावलीतलं काम मिळालं आणि आमचा जळफळाट झाला. "आल्या राणीसाहेब," असं मी तिच्या देखत म्हणायचे आणि टोळी खिदळायची.

एकदा दुपारच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली.

"आक्का, मला तुमच्या टोळीत घ्या. खडी फोडीन मी."

"का गं, सावली टोचाया लागली व्हय?"

ती हसली नाही. हात जोडून म्हणाली, "लई उपकार हुतील. मला तिथं जायचं न्हाई."

का, हे मी विचारलं नाही. खडीचं माप अख्ख्या टोळीचं एकत्र व्हायचं. हिच्यापायी आपलं माप कमी भरेल, एवढंच माझ्या डोक्यात. "तुझ्या हातानं दगूड फुटायचा न्हाई. जा, बस गार सावलीत." ती मूल कडेवर सावरत खोलीकडं गेली.

चार दिवसांनी ती कामावर यायची बंद झाली. मूल घेऊन कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणी फारशी चौकशीही केली नाही. मी तर कारकुनाच्या हातापाया पडून माझ्या धाकट्या नणंदेची तिथं वर्णी लावली. केवढी खूश होते मी! पोरीला ऊन लागणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी, सुट्टी व्हायच्या आत, नणंद पळत परत आली. अंगाला कापरं भरलेलं. "वैनी, त्यो कारकून दार लावून घेतो. त्याला ढकलून आले मी."

आमचे हातोडे थांबले. कुणी कुणाकडं बघेना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं, त्या खोलीत एकटी बाई जायची नाही. दोघी आत, तिसरी उंबऱ्यावर, दार सताड उघडं. कारकून ओरडला, नावं कापीन म्हणाला. नाव कापलं तर चूल पेटायची नाही. तरी सगळ्या टोळ्यांतली एकही बाई कामाला बसली नाही, तेव्हा तो नरमला. पुढं काम संपेपर्यंत कुठल्या पोरीवर पुन्हा तशी वेळ आली नाही.

एवढं सोपं होतं ते. उंबऱ्यावर एक बाई बसवायची. पण मला ते सुचलं माझ्या घरची पोर कापत आली तेव्हा. पुढं कित्येक वर्षं बाजारात तसली किडकिडीत बाई दिसली की मी लगबगीनं पुढं होऊन तोंड बघायचे. ती कधी भेटली नाही. भेटली असती तरी काय बोलणार होते? पहिल्यांदा तिला त्या खोलीत कारकुनानं नेलं. त्या दुपारी परत पाठवली ती मी.