बिनइंजेक्शनचा एमआरआय आणि माझी जीभ

मंडळी, आज जपानमधल्या कावासाकी शहरातल्या हॉस्पिटलात माझी मलाच लाज वाटली.

इथेच राहणाऱ्या माझ्या लेकीच्या हृदयाला जन्मतः छिद्र. लहानपणी ऑपरेशन झालं, पण तपासण्या आयुष्यभराच्या. आज हृदयाचा एमआरआय होता. तिनं समजावलं, "आई, डॉक्टर म्हणतात, चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात त्या रंगाच्या इंजेक्शनाशिवायच हवं ते दिसेल."

मी डॉक्टरांसमोरच मराठीत तडकले, "परक्याची पोर म्हणून उरकताय होय?"

लेक जपानीत काहीतरी बोलली. डॉक्टर माझ्यापुढे कमरेत वाकले.

"काय सांगितलंस गं?"

"आई म्हणते, लेकीची सुई वाचवलीत, उपकार झाले." मग हळूच म्हणाली, "तू पुण्याला परत जाशील, मला यांच्याकडेच यायचंय."

मला मान वर करवेना. तुमच्या मुलांनी तुम्हाला असं कधी सावरून घेतलंय का?