बोळीतला नमस्कार

मी आठवीत शाळा सोडली. किनवटकडच्या गावातून संभाजीनगरला आले, गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात कामाला. निघताना भाऊ एवढंच बोलला होता, "काही झालं तर त्याच दिवशी गाडीत बसायचं." म्हणून जेव्हा खरंच काही झालं, तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नाही.

झालं असं, की दुकानामागच्या बोळीत सकाळी एकानं माझं मनगट धरलं. "किधर चली?" म्हणून हसला. समोरून हातगाडी आली तसं सोडलं. मला ओरडताही आलं नाही. कामगारांचं दार त्याच बोळीत, त्यामुळं रस्ता बदलायची सोय नव्हती. रोज तिथं पोचले की हात ओढणीत लपवून भिंतीकडेनं भराभर चालायचे.

दुकानाबाहेर फॉल-पिकोची मशीन घेऊन बसणारी एक ताई आहे. मी सारखी मनगट चोळते हे तिनं बघितलं. विचारलं मात्र काहीच नाही.

"उद्या सकाळी सहाला माझ्यासंगं चल," म्हणली.

"फिरायला?"

"नाय गं, लाथा मारायला."

चाळिशी ओलांडलेली ही बाई कराटे शिकत होती!

क्लास विहाराच्या हॉलमध्ये भरायचा. सर वाळूजला कंपनीत होते, दुसऱ्या पाळीला जायच्या आधी शिकवायचे. रीतीचे पक्के. आत येताना वाकायचं, जोडीदारासमोर वाकायचं, सराव झाला की परत वाकायचं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं हवेत करायचे वार. एक चुकला की पहिल्यापासून. पण प्रत्येक हालचालीला सर विचारायचे, "हे कशासाठी?"

एक हात पुढं मारताना दुसरा कमरेशी का ओढायचा, असं एकदा मला विचारलं. मी म्हणलं, "दिसायला बरं दिसतं, सर." शाळेतल्यासारखी मान खाली गेली.

सर रागावले नाहीत. "दुकानात काय करतेस?"

"तागे उलगडते. मोजते."

"कर बघू."

मी हवेतच तागा धरला, मूठ वळवली आणि कापड कमरेकडं झटक्यात ओढलं.

"हेच ते. फक्त कापडाच्या जागी कुणी धरलेलं तुझं मनगट. जुन्या लोकांनी यात शोभेचं काही ठेवलं नाही, पोरी."

"आता गिऱ्हाइकांनी जपून राहावं," ताई म्हणली.

पुढं तीन महिने आमचं तेच चाललं. ताईनं मनगट धरायचं, मी मूठ वळवून कमरेशी ओढायची, दुसऱ्या तळव्यानं तिला ढकलायचं, ओरडायचं. मग दोघींनी वाकायचं.

मधे तो माणूस दिसलाच नव्हता. एका सोमवारी दिसला, आणि परत धरलं त्यानं. मी विचार करायच्या आधी मूठ फिरली. मनगट सुटलं, तळवा छातीत बसला, "सोड!" हा आवाज माझाच का, हे मला कळेना. तो शटरवर आदळला.

आणि मी काय करावं? पाय जोडले आणि त्याच्यासमोर वाकले.

वर बघते तर तो येड्यासारखा माझ्याकडंच बघतोय. तेव्हा भान आलं आणि चपला सावरत पळाले. ओरडा ऐकून ताई कात्री घेऊनच धावत आली होती. तिला बघून तो दुसऱ्या टोकानं पसार झाला.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ताईनं माझं वाकणं करून दाखवलं. सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा. सर तेवढे हसले नाहीत.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "सुटल्यावर थांबायला मीच तुला शिकवलं."

त्या दिवसापासून सराव बदलला. हात सुटला की दारापर्यंत पळायचं, दाराला हात लावायचा, परत यायचं आणि मग वाकायचं. वाकणं सरांनी सोडलं नाही, त्याला फक्त दारानंतर बसवलं.

संध्याकाळी आईला फोन लावला. दोनदा लावून कापला, तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. वाकल्याचंही. मागून भावाचा आवाज आला, "काय म्हणती?" आता गाडीत बसायला सांगणार, असं वाटून मी खाटेची कड घट्ट धरली.

"काई नाय. क्लासचं सांगायली," आई त्याला म्हणली.

मग फोन तोंडाशी धरून हळूच विचारलं, "त्या चपलीवर पळता येतं का गं तुला? मागून पट्ट्याची घे."