दादाचं सोयाबीन

बुलडाण्यात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ शेतीच्या सरकारी कचेरीत कारकून आहेत. खरेदी, भाव, मदत, काहीही विचारलं की ते चष्मा पुसायला लागतात आणि म्हणतात, "जाहीर झालं की समजीन." मला तो तोरा वाटायचा.

एका सकाळी मी त्यांच्या ओसरीवर पेपर वाचत होतो. वडनेरहून त्यांचे थोरले भाऊ आले. वर्षाचं सगळं सोयाबीन घरात पडून होतं आणि व्यापारी दारात गाडी लावून बसला होता.

"आज इकू का थांबू? तू सांग."

शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. ते चष्मा पुसायला लागले.

"तुह्या मनानं कर, दादा."

भाऊंनी माल विकला. दुसऱ्याच दिवशी सरकारनं सोयाबीनची वाढीव भावानं खरेदी जाहीर केली. संध्याकाळी भाऊ पुन्हा आले.

"तुले काल मालूम होतं काय?"

हे नाही म्हणतील, असं मला वाटलं. म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"हाव दादा, मालूम होतं. सांगता येत नव्हतं."

 शेजाऱ्यांच्या बायकोनं पुढे केलेलं पाणीही न घेता भाऊ पायऱ्या उतरले.