बेरजेचं वर्गमूळ

काटकोनमामा हे नाव त्याला खोडीपायी पडलं. कुणाच्याही घरी गेला की आधी दाराची चौकट डोळ्यांनी मापणार, मगच पाणी पिणार. तीस वर्षं सुतारकाम केलं, शाळा मात्र सातवीतच सुटली. तरी लेक तंत्रशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसली तेव्हा शिकवायला हाच पुढे.

क्ष वर्ग अधिक य वर्ग, आणि दोघांवर मिळून एकच मूळचिन्ह. तिथं पोर अडली.

"अगं, त्यात काय! दोघांचं मूळ वेगवेगळं काढ. क्ष अधिक य, झालं."

"असं चालतं, बाबा?"

"गुणाकाराला चालतं. मग बेरजेनं काय घोडं मारलंय?"

जागा एका गुणानं हुकली. वयाच्या अटीमुळं पुन्हा बसायची सोयही नव्हती. शाळेनं पेपर दाखवला, तर नेमकी त्याच उत्तरावर लाल फुली. मामाचं डोकं फिरलं. अंगावरचा भुसा न झटकता तडक मास्तरांपुढे उभा.

"तपासताना डुलकी लागली होती काय?"

मास्तर भले माणूस. म्हणाले, "मामा, चौकट काटकोनात आहे हे कसं बघता?"

"हे काय विचारणं झालं? एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. तिरपा टेप पाच भरला की काटकोन."

"पाचच? तीन आणि चार सात नाहीत?"

"सात कसे भरतील? त्याला दोन्ही लाकडं एका रेषेत..."

मामा बोटांवर हिशेब करू लागला. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस. तिचं मूळ पाच. हाताला तीस वर्षं ठाऊक होतं, आणि तोंडानं पोरीला भलतंच सांगितलं.

घरी लेक कपड्यांना इस्त्री करत होती. उद्यापासून कापडदुकानात कामाला उभं राहायचं होतं.

"पोरी, ते उत्तर चूकच होतं गं. माझं चुकलं."

तिनं मान वर केली नाही. "माहीत होतं, बाबा. परीक्षेत तीन आणि चार घालून पाहिले. पाच येत होते."

"मग माझं कशाला लिहिलंस?"

"तुम्ही इतकं ठाम सांगितलं होतं. वाटलं, मीच कुठंतरी चुकतेय."

मामा भिंतीला टेकून खाली बसला. पोरीनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती बाहीवर पाणी शिंपडत राहिली.