संथ ताल

अमेरिकेत हर्नडनला आमच्या ऑफिसची शटल चालवणारे गृहस्थ सिग्नलला थांबले की स्टिअरिंगवर बोटांनी फार संथ ताल धरायचे आणि गाडीही त्याच तालात चालवायचे. मीटिंगला उशीर होतोय म्हणून मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाले, "आमच्या देशात हुकूमशहा होता. मी त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचो. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्याला उन्हात सॅल्यूट ठोकून उभं राहावं लागायचं. म्हणून आम्ही ते दरवर्षी थोडं हळू वाजवत गेलो."

"कोणी तक्रार नाही केली?"

"राष्ट्रगीत लांबलं म्हणणारा तुरुंगात गेला असता. शेवटी त्याचे गुडघे गेले. त्याला बरं वाटावं म्हणून प्रार्थनासभा ठेवली, तोही आला."

सिग्नल हिरवा झाला. ब्रेकवरचा पाय सावकाश काढत ते म्हणाले, "तिथेही बँड आमचाच होता."