फायनलच्या आदल्या दिवशीचं टक्कल

चहा ओता आधी. माझ्या हातून जे झालं ते कोरड्या घशानं सांगता येत नाही. तुम्ही हसणार हेही मला ठाऊक आहे. हसा! अख्खं गाव हसलं, तुम्हीच कशाला मागं राहता?

आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या वर्षी चॅम्पियनशिपच्या फायनलला पोहोचली. एरवी आम्ही पहिल्याच मॅचला हरून, समोसे खाऊन परत यायचो. त्या वर्षी मात्र काय अंगात आलं होतं कुणास ठाऊक, जिंकतच सुटलो! आणि कॅप्टन कोण? मी.

पण माझ्यासाठी कपापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. बाबा मॅच बघायला येणार होते. बाबा म्हणजे बपेऱ्याकडचे धानाचे शेतकरी. "लाथा मारून पोट भरते काय बे?" हे मी शाळेपासून ऐकत आलेलो. माझी एकही मॅच त्यांनी कधी पाहिली नव्हती. सेमीफायनलनंतर पेपरात माझा फोटो आला, तेव्हा स्वतःहून म्हणाले, "येतो मी भंडाऱ्याले. पाहू तं खरं, काय करून राहिला तू." मी सरांच्या मागं लागून पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मला अक्कल सुचली.

"अख्ख्या टीमनं टक्कल करायचं! समोरचे बघूनच घाबरले पाहिजेत!"

झालं. फायनलच्या आदल्या दिवशी सगळे सलूनमध्ये रांगेत. सलूनवाल्यानं वस्तरा हवेतच थांबवला. "बाप आहे ना बाबू तुहा?"

"आहे ना! उद्या म्याचले येऊन राहिला."

"मंग कायले करतं असं?"

मी हसलो. आपल्याकडे बाप गेल्यावर पोरगा डोकं भादरतो, हे मला माहीत नव्हतं का? होतं हो! पण कॅप्टनच्या डोक्यात हवा गेली की दुसरं काही आत शिरतं का?

मग मी टकलाचा फोटो काढला. एकट्याचा. चेहरा गंभीर, एकदम चॅम्पियनसारखा. स्टेटसला टाकला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. आणि लगेच सरांनी सगळ्यांचे फोन जमा करून कपाटात कोंडले. "आता म्याच झाल्यावरच भेटतील!"

सानगडीला माझी आत्या असते. तिच्या पोरानं तो फोटो तिला दाखवला. भाच्याचं टक्कल, भाच्याचा पडलेला चेहरा, भाच्याचा फोन बंद! आत्यानं काय समजायचं? तुम्ही म्हणाल, घरी फोन करायचा. अहो, घरात फोन एकच, बाबांचा! मेलेल्या माणसाला फोन लावून "कधी गेले?" कोण विचारतं?

आत्यानं विचारलं नाही, कळवलं. काकाला, मामाला, बाबांच्या मोहाडीच्या साडूला. सकाळी सकाळी गाड्या निघाल्या.

इकडे बाबा ठेवणीतला पांढरा सदरा घालून, भंडाऱ्याची बस पकडायला अंगणात चपला शोधत होते. तेवढ्यात आत्याची गाडी दारात. गाडीतूनच रडणं सुरू, "गेला वंऽ बाई, माहा भाऊ गेलाऽ!" आणि समोर भाऊ उभा, पांढऱ्या कपड्यात!

आत्या तिथंच आडवी.

पाणी मारून तिला उठवलं, तर तिनं बाबांचा हात धरला तो सोडेचना.

"बाई, मी कुठी नाही गेलो. पोराची म्याच आहे, मले जाऊ दे."

"जाऊ दे म्हन्ते! मेल्याची बातमी आली, आयुष्य वाढलं तुहं. पन आज मी तुले हालू देत नाही!"

तिला समजावतात तोच दुसरी गाडी. मग तिसरी. मयत माणूस स्वतः फाटकापर्यंत जाऊन सांगत होता, "जित्ता आहो बा मी. या, बसा." दारी आलेल्यांना चहा न पाजता कसं पाठवणार? बस गेली. तिच्यानंतरचीही गेली.

मैदानावर मला यातलं काही माहीत नाही. मी बॉल कमी, खुर्ची जास्त बघत होतो. रिकामी! इतका राग आला बाबांचा, की विचारू नका. यायचंच नव्हतं तर कबूल कशाला केलं? मॅच संपत आली तरी बरोबरी. शेवटी त्या रागातच बॉल असा हाणला, की कीपरला तो थेट जाळ्यातच दिसला. वळून बघतो, तर खुर्चीत पांढरे कपडे! बाबा! धावत जाऊन मिठी मारली.

मॅचच्या प्रमुख पाहुण्यांचा ड्रायव्हर होता. फल्लीदाणे खात होता.

आम्ही चॅम्पियन झालो. नाचून झालं, फोन परत मिळाले. माझ्या फोनवर मेसेज, "बाबांना भावपूर्ण श्रद्धांजली." एकामागून एक, संपेचनात. म्हणजे म्हणून खुर्ची रिकामी होती? आणि मी त्यांच्यावर चिडलो होतो? घरचा तोच एक फोन लावला.

"बोल," बाबांचा आवाज. "काहून मारलं बे मले?"

मैदानातच ढसाढसा रडलो मी. लोकांना वाटलं, जिंकल्याचा आनंद.

घरी पोहोचलो तेव्हा पाहुणे पांगले होते. "पुढच्या वर्षी येईन," बाबा म्हणाले. पुढचं वर्ष कुठलं? माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं ते. मित्रानं गोलचा व्हिडिओ काढला होता, तोच लावून दिला. बाबांनी चष्मा चढवला, फोन नाकाजवळ धरला. पूर्ण बघितला. पुन्हा बघितला. मग म्हणाले,

"यायच्यात तू कोनता?"

सगळी टकलंच टकलं! मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एकावर बोट ठेवलं. "हाच ना? चालन्यावरून वळखलं म्या!"

तो आमचा बॅक मंगेश होता. गोल झाला तेव्हा लांब मागं, कमरेवर हात ठेवून रमतगमत येत होता.

पण बाबांचा चेहरा असा फुलला होता, की तसा मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. काय सांगणार होतो मी? "हो," म्हटलं.

आता घरी कोणीही येवो, बाबा तो व्हिडिओ दाखवतात. मंगेशच्या टकलावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा माहा पोरगा."